ऋभू म्हणजे काय

प्रिय चिरंजीव,

पुढे नाव लिहिलेलं नाही, ते विसरलो म्हणून नव्हे. दहा मिनिटं पेन हातात धरून बसलो होतो. जुनं लिहावं तर तू म्हणशील, बाबांना सांगितलेलं कधी कळतच नाही. नवं लिहावं तर हात चालेना. शेवटी चिरंजीव लिहून मोकळा झालो. चिरंजीव तर तू आहेसच, त्यात बदल करायला कुठल्या कचेरीत जावं लागत नाही.

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. नवं कार्ड बघितलं. जाड कागद, उठावाची छपाई, गोल कोपरे. काम चांगलं केलंय छापणाऱ्याने. नावही सुटसुटीत आहे, फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला कळेल असं. कार्डाच्या मागे तू लिहिलंयस, की ऑफिसात आता सगळे हेच म्हणतात, महिनाअखेरीला शेवटच्या कागदावर सही झाली की कायद्यानेही हेच, आणि बाबा, वाईट वाटून घेऊ नका, त्या नावाला तसाही काही अर्थ नव्हता. हे शेवटचं मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. रागावलो नाही. रागवायचा हक्क मीच कधीचा घालवून बसलोय. पण त्या नावाला अर्थ आहे, आणि तो तुला न सांगण्याचं काम मी छत्तीस वर्षं अगदी नेमाने केलं. सही करण्याआधी तो तुला कळायला हवा. कळल्यावर खुशाल सही कर. खरं तर कळल्यावर तू ती जास्तच घाईने करशील, अशी मला धास्ती आहे. तरीही सांगणार आहे.

इकडचं म्हणशील तर ठीक. आपल्या इमारतीची लिफ्ट नऊ दिवस बंद आहे. कंपनीची दोन माणसं येतात, लॅपटॉप जोडतात, त्याच्याकडे बघून मान हलवतात आणि जातात. तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी मला जिन्यात गाठून विचारलं, काका, तुम्ही बघा ना जरा. मी म्हटलं, बाई, मी बघायचो तेव्हा लिफ्टला मन नव्हतं, आता तिला मन आहे, ते मला वाचता येत नाही. त्या हसल्या. त्या दिवशी मी दिवसभरात एवढंच बोललो, आणि दूधवाल्याला अर्धा लिटर म्हणालो ते. तुझी आई गेल्यापासून घरात कुणाला हाक मारायची वेळच येत नाही. सवय मात्र आहे. परवा चष्मा सापडेना, तेव्हा तिला दोन हाका मारून झाल्या. मग स्वतःच शोधला. फ्रिजवर होता.

तुला आठवतं का, तू दुसरीत होतास आणि शाळेतून एक कागद घेऊन आला होतास. वर तुझं चित्र काढायचं, खाली लिहायचं की माझ्या नावाचा अर्थ काय आणि ते कुणी ठेवलं. मी जेवत होतो. तू विचारलंस आणि मी म्हटलं, आईला विचार. आई म्हणाली, ते बाबाच सांगतील. तू दोनदा आमच्यामध्ये फेऱ्या मारल्यास. मग मी ओरडलो, की जेवू देशील का मला सुखाने. दुसऱ्या दिवशी दप्तरात तो कागद मी बघितला. सगळ्यांनी काय काय लिहिलं असेल, सूर्य, समुद्र, शूर, विजयी. तू तुझ्या गोल अक्षरात लिहिलं होतंस, माझ्या नावाला अर्थ नाही, ते बाबांनी ठेवलं. बाईंनी खाली बरोबरची खूण केली होती. तो कागद मी तसाच परत ठेवला. एक खोडरबर आणि पाच मिनिटं, एवढंच लागणार होतं, तेही मला जमलं नाही.

कारण असं, की अर्थ सांगायचा तर तो मला कुणी सांगितला हे सांगावं लागलं असतं. आणि तो माणूस आता कुठे आहे, असं तू पुढे विचारलंच असतंस. तू लहानपणी प्रश्नाला प्रश्न जोडायचास, एकाचं उत्तर दिलं की तीन तयार.

आता सांगतो. लिफ्ट दुरुस्तीची माझी नोकरी तुला माहीत आहे, पण कामाची रीत मी कधी घरी सांगितली नाही. जुन्या लिफ्टचं काम जोडीने असायचं. एक माणूस सगळ्यात वर, मशीनच्या खोलीत. दुसरा सगळ्यात खाली, खड्ड्यात. खड्डा म्हणजे तळमजल्याच्याही खाली, जिथे लिफ्टचा पाळणा उतरून थांबतो तिथली जागा. जुन्या इमारतींत हे खड्डे उथळ असायचे. पाळणा पूर्ण खाली आला तर माणसाला बसायलासुद्धा जागा उरायची नाही. वरच्याला खालचा दिसत नाही, खालच्याला वरचा दिसत नाही, मध्ये सहा-सात मजल्यांचा अंधार आणि लोंबणारे पोलादी दोर. म्हणून आमच्याकडे एक नेम होता. आमचा फोरमन, ज्याला आम्ही पाठीमागे साडेआठ म्हणायचो, कारण त्याच्या दोन्ही हातांची मिळून तेवढीच बोटं शिल्लक होती, त्याने तो पहिल्या दिवशी प्रत्येकाला घोटून घेतला होता. वीज चालू करायच्या आधी वरच्याने, दोर खाली उतरतात त्या फटीतून वाकून खालच्याच्या नावाने हाक मारायची. खालच्याने खड्ड्यातून बाहेर यायचं, पाय फरशीवर टेकवायचे, आणि मगच वरच्याचं नाव घेऊन ओ द्यायची. नुसतं हो चालायचं नाही. हो कुणीही म्हणतं, जिन्यातून जाणारा भाडेकरूसुद्धा म्हणतो. नाव गेलं, नाव आलं, मग बटण. साडेआठ म्हणायचा, की हा नेम मी पाळला असता तर तुम्ही मला दहा म्हणाला असतात. आपलं टोपणनाव त्याला माहीत होतं.

माझा जोडीदार माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. त्याचं नाव ऋभू. हो, तेच. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, हे काय नाव आहे, जिभेला व्यायाम. पण हाक मारायला ते अव्वल होतं. शेवटचा ऊ लांबवला की सात मजले खाली उतरायचा, न विरता. तो मला उस्ताद म्हणायचा. मी वरून ऋभू म्हणायचो आणि खालून उस्ताद यायचं, दिवसातून वीस-पंचवीस वेळा, सहा वर्षं. नवरा-बायको एकमेकांचं नाव इतक्या वेळा घेत नसतील.

त्याच्या हातात कसब होतं. मी मेहनती कारागीर होतो, चुकत नव्हतो, बास. तो वेगळा होता. दोरावरून नुसता तळवा फिरवून सांगायचा की आत चौथ्या पदरात एक तार तुटली आहे, आणि उलगडून बघितलं की असायची. एकदा जिन्यात बसून चहा पिताना मी त्याला विचारलं, बाबा रे, हे नाव आणलंस कुठून. तेव्हा त्याने सांगितलं. त्याचे वडील शाळेत जुनी भाषा शिकवायचे. त्यांनी पोथ्यांतून शोधून ठेवलेलं नाव. ऋभू म्हणजे कुशल हाताचा. फार जुन्या सूक्तांमध्ये ऋभू नावाचे तिघे भाऊ आहेत. ते जन्माने देव नव्हते, माणसंच होती, पण हाताला असं कसब की त्यांनी देवांसाठी रथ घडवला, एका पेल्याचे चार पेले करून दाखवले, आणि आपल्या म्हाताऱ्या आईबापांना पुन्हा तरुण केलं. नुसत्या कामाच्या जोरावर ते देवांच्या पंक्तीत जाऊन बसले. मी म्हटलं, मग तू इथे खड्ड्यात काय करतोयस. तो म्हणाला, उस्ताद, सहाव्या मजल्यावरच्या आजोबांना विचारा, आपण लिफ्ट चालू केली की त्यांचे गुडघे वीस वर्षांनी तरुण होतात की नाही. आणि पंक्तीचं म्हणाल तर चहा चालू आहे, ही काय वाईट पंगत आहे.

त्याच्या वडिलांना लोक हिणवायचे, की मास्तर, पोराचं नाव ठेवलंत देवांचं आणि पोरगा निघाला ग्रीस पुसणारा. मास्तर म्हणायचे, मी कारागिराचंच नाव ठेवलं होतं, तुम्ही नीट ऐकलं नाहीत. हे सांगताना त्याचा चेहरा फुलायचा. सांगायचं असं, की त्या माणसाला आपल्या नावाचा अर्थ माहीत होता आणि तो त्या अर्थाप्रमाणे जगत होता. असं किती जणांच्या वाट्याला येतं. मला माझ्या स्वतःच्या नावाचा अर्थ विचारशील तर मी खांदे उडवीन.

आता पुढचं लिहायला बसलो तेव्हा उठून एकदा गॅलरीत जाऊन आलो, एकदा नळ नीट बंद आहे का बघून आलो. तुझी आई असती तर म्हणाली असती, आता पुरे झाली टाळाटाळ.

कंपनीत एक नवा इंजिनिअर आला होता. एका इमारतीत तपासणी चालली होती आणि मी दोर पास केला होता, चांगला आहे असं लिहून दिलं होतं. ऋभूने हात फिरवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, उस्ताद, हा जाईल, बदलू या. उलगडला. त्याचंच बरोबर निघालं. इंजिनिअर माझ्याकडे न बघता म्हणाला, कसब शिकायचं तर याच्याकडून शिका. एवढंच झालं. ऋभूने मला वाचवलंच होतं खरं तर, तो दोर तुटला असता तर माणसं गेली असती. पण मला ते झोंबलं. सगळ्यांसमोर कशाला बोललास, बाजूला घेऊन सांगता आलं नसतं का, असं मी त्याला म्हणायला हवं होतं. त्याऐवजी मी अबोला धरला. चौतीस वर्षांचा बाप्या, घरात सात महिन्यांची गरोदर बायको, आणि मी शाळकरी मुलासारखा गाल फुगवून बसलो. चार दिवस मी त्याचं नाव घेतलं नाही.

तू विचारशील, मग काम कसं चाललं. पाळणा ज्यावरून सरकतो त्या रुळावर मी वरून पान्याने दोनदा ठोकायचो. तो बाहेर आला की खालून दोनदा ठोकायचा. पहिल्या दिवशी त्याने वर येऊन विचारलं, उस्ताद, घसा बसला का. मी तोंड फिरवलं. त्याला कळलं. मग तोही ठोकायला लागला. चहाच्या वेळी मात्र तो रोजच्यासारखे दोन पेले आणायचा, एक माझ्या बाजूला ठेवायचा आणि दोन पायऱ्या खाली जाऊन बसायचा. मी तो चहा प्यायचो. ते एक मला अजून समजत नाही, की चहा पिण्याइतकं माझं त्याच्याशी जमत होतं, आणि नाव घेण्याइतकं नव्हतं.

पाचव्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी वर होतो आणि तो खड्ड्यात स्प्रिंगचे नट आवळत होता. मी दोनदा ठोकलं. खालून दोनदा ठोकल्याचा आवाज आला. मी वीज चालू केली आणि पाळणा खाली सोडला.

तो आवाज त्याचा नव्हता. तिसऱ्या मजल्यावर एक प्लंबर पाइप बसवत होता. नंतर मी त्याला बघितलं, तो आपल्या हातोडीकडे बघत जिन्यात उभा होता.

बाकीचं लिहीत नाही. ते तुला कळून काही उपयोग नाही. एवढंच सांगतो, की त्या क्षणानंतर मी फटीतून वाकून त्याच्या नावाने हाका मारल्या. साडेआठ येऊन मला ओढून बाजूला करीपर्यंत मारत होतो.

चौकशी झाली. अधिकारी भला माणूस होता, त्याला प्रकरण लवकर मिटवायचं होतं. त्याने विचारलं, नाव घेतलं होतं का. मी म्हटलं, घेतलं होतं. ओ आली होती का. मी म्हटलं, आली होती. ऐकलं असेल तर त्या प्लंबरनेच, आणि त्याला कुणी विचारलं नाही. मग त्याने कागदावर लिहिलं, की मृत कामगाराने खड्ड्यातून बाहेर न येताच ओ दिली, सबब अपघात त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला. ते मला वाचून दाखवलं आणि मी खाली सही केली. ज्या माणसाच्या नावाचा अर्थच कुशल हाताचा, त्याच्या नावापुढे निष्काळजी हा शब्द माझ्या सहीने लागला. त्याचे वडील तो कागद वाचून दीड वर्षाने गेले. मास्तर शेवटपर्यंत म्हणत होते, की असं कसं झालं, माझा मुलगा असा नव्हता. मी समोर बसलो होतो आणि मान हलवत होतो.

ऋभूचं लग्न झालं नव्हतं. घरात वडील आणि एक मोठी बहीण. तू जन्मलास तो त्याच्यानंतर सात आठवड्यांनी. तुझ्या आईने दोन नावं काढून ठेवली होती, दोन्ही चांगली होती. दवाखान्यात तुला माझ्या हातात दिलं आणि माझ्या तोंडून तेच नाव निघालं. मी आधी ठरवलं नव्हतं. जे नाव मी चार दिवस हट्टाने घेतलं नाही, ते आता मला रोज घेता येणार होतं, आणि घेतलं की कुणीतरी ओ देणार होतं. मी फक्त स्वतःचा विचार केला. तुला काय वाटेल, तुला ते आयुष्यभर वागवावं लागेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मग त्याच्या बहिणीकडे परवानगी मागायला गेलो. ताई माझा हात धरून रडल्या. म्हणाल्या, भाऊ, तुम्ही केवढं मोठं मन दाखवलंत, त्याची चूक पोटात घातलीत. त्याच वेळी मी सांगून टाकायला हवं होतं. मी चहा घेतला आणि घरी आलो.

दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला स्वेटर यायचा, आठवतो ना. तू तिला स्वेटरवाली आत्या म्हणायचास. निळा, विटकरी, एक तो हिरवा ज्याची एक बाही लांब होती आणि तू ती दुमडून मिरवायचास. आम्ही तुला सांगितलं, की माझ्या नात्यातली लांबची कुणीतरी आहे. ती ताई होती. तुला मापासाठी कधी भेटायला पाठवलं नाही, मी दोऱ्याने माप घेऊन कळवायचो. तुला तिच्यासमोर नेलं असतं तर तिने तुला तिच्या भावाची गोष्ट सांगितली असती, चौकशीच्या कागदावर होती तीच, आणि मला तिथे बसून हो म्हणावं लागलं असतं. तू दहा वर्षांचा झालास तेव्हा तिची दृष्टी कमी व्हायला लागली आणि स्वेटर थांबले. तुला वाटलं, आत्या विसरली. मी तेही तसंच वाटू दिलं.

तुझ्या आईला मी पहिल्याच वर्षी सगळं सांगितलं होतं. तिने मला जवळ घेतलं नाही आणि टाकूनही बोलली नाही. तिने एवढंच विचारलं, की मास्तरांना सांगणार का. मी म्हटलं, सांगेन. मग ती दर काही महिन्यांनी नुसती बघायची माझ्याकडे. मास्तर गेले तेव्हा ते बघणंही थांबलं. तू तीन वर्षांचा असशील, अंगणात खेळत होतास आणि मी खिडकीतून तुला हाका मारत होतो. तू दर वेळी वर बघून बाबा म्हणायचास, नुसतं हो म्हटलेलं मला चालत नव्हतं ना. सहाव्या की सातव्या हाकेला ती स्वयंपाकघरातून आली आणि हळू म्हणाली, पोराला पोराच्या नावाने हाक मार, त्याच्या नावाने नको. दोन्ही नावं एकच होती, आणि फरक मला नेमका कळत होता.

तुझा जीव मी त्या हाकांनी काढला, हे मला ठाऊक आहे. न्हाणीघरात असलास तरी हाक, अभ्यास करत असलास तरी हाक. तू बाहेर यायचास, काय आहे बाबा, आणि मी म्हणायचो, काही नाही. पंधरा वर्षांचा असताना तू एकदा वैतागून म्हणालास, इतकं वापरू नका, झिजेल ते. आम्ही तिघंही हसलो होतो. मित्रांनी तुझ्या नावाची केलेली थट्टा, दर अर्जावर ते तीन वेळा फोडून सांगणं, मुलाखतीला समोरच्याने ते चुकीचं उच्चारून वर हसणं, हे सगळं तू एकट्याने सोसलंस. अर्थ माहीत असता तर मान वर करून सांगितला असतास, की हे देवांच्या कारागिरांचं नाव आहे, माणसंच होती ती, आणि कामाच्या जोरावर देवांच्या पंक्तीत बसली. तेवढं सांगायला मिळालं असतं तर कदाचित तुला ते जड झालं नसतं. तुझ्या हातचा तो अर्थ मीच काढून घेतला, माझं मला झाकता यावं म्हणून. म्हणून म्हणतो, नाव बदललंस त्यात तुझा काहीच दोष नाही. मी तुला नाव दिलंच नव्हतं, माझं ओझं दिलं होतं, आणि ते उतरवून ठेवायचा तुला पूर्ण अधिकार आहे.

आता हे सगळं आजच का, ते. तुझं कार्ड आलं त्याच मंगळवारी दुसरंही एक पत्र आलं. ताई गेली तीन वर्षं वृद्धाश्रमात आहेत, आता दिसत जवळजवळ काहीच नाही, तिथल्या नर्सने त्यांच्या सांगण्यावरून लिहिलंय. डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत. त्यांना तुला एकदा भेटायचंय. नर्सने लिहिलंय, की त्या म्हणतात, माझ्या भावाच्या नावाचा एक मुलगा आहे, मला त्याला समोर बसवून एकदा नावाने हाक मारायची आहे. मी फोन करून कळवलं, की पुढच्या गुरुवारी सकाळी अकराला आम्ही दोघं येतो. तू येशील की नाही हे मला माहीत नव्हतं, तरी येतो असंच सांगितलं. त्या दिवशी मी त्यांना खरं सांगणार आहे, आणि चौकशीच्या कागदावर लिहिलेलं खोटं आहे असा जबाब लिहून तयार ठेवलाय, तो तिथूनच पोस्टात टाकणार आहे. त्यांच्या भावाच्या हातून काहीही चुकलं नव्हतं, हे त्यांना जिवंतपणी कळायला हवं. मास्तरांच्या वेळी जे केलं ते पुन्हा करणार नाही. पत्ता सोबत जोडलाय, तुला जमलं तर ये. सही झाली असली तरी ये. त्या हाक मारतील तेव्हा तेवढ्यापुरती त्या नावाला ओ दे, मग तुला वाटेल ते नाव लाव. त्यानंतर मी बोलायला सुरुवात करीन. माझं बोलून झाल्यावर त्या मला खोलीबाहेर जायला सांगतील, आणि त्यांनी सांगायलाच हवं. तेव्हा माझ्यामागे येऊ नकोस. त्यांचा हात धरून तिथेच बस. छत्तीस वर्षांत त्यांना तुझ्याशी एकदाही बोलायला मिळालेलं नाही, हवा तेवढा वेळ घे. मी बाहेर बाकावर असेन.

तुझाच,
बाबा